फौजदारी दप्तराच्या शोधात

आमच्या घरात एक गोष्ट दोन पिढ्या सांगितली जात आहे. १९३० सालच्या जंगल सत्याग्रहात आमच्या आजोबांनी राखीव कुरणातील गवत कापले, त्यांस पकडून तालुक्यास नेले, आणि सहा महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली. गोष्ट सांगणाऱ्या आमच्या आत्याबाई 'सहा महिने' हे शब्द किंचित आवाज चढवून म्हणतात. पुढे १९७२ साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांस निवृत्तिवेतन देण्याची योजना काढली, तेव्हा गावातील चारदोन मंडळींनी अर्ज केले; आजोबांनी केला नाही. मुलांनी आग्रह केला, ओळखीच्या वकिलांनी छापील नमुना आणून दिला. तो देव्हाऱ्याखालच्या फळीवर पडून पडून पिवळा झाला. आजोबा त्याविषयी काही बोलत नसत. देशकार्याचे पैसे घ्यावयाचे नाहीत असा त्यांचा बाणा होता, हा अर्थ घरच्यांनी लावला, आणि तो आम्हां सर्वांस अभिमानाचा वाटत आला.

गेल्या वर्षी घराण्याची हकीकत लिहून ठेवावी असे मनात आले. हकीकत म्हटली म्हणजे तिला आधार पाहिजे, म्हणून त्या शिक्षेचा कागद मिळवावा असे ठरविले. हे काम आठवडाभरात उरकेल अशी आमची समजूत होती. तालुका ठाऊक, साल ठाऊक, माणसाचे नाव ठाऊक. मग अडचण कसली? परंतु आपल्याच गावी, आपल्याच तालुक्यात, अमुक माणसास अटक झाली होती काय, खटला चालला होता काय, आणि शेवटी निकाल काय लागला, हे साध्या गृहस्थाने शोधू म्हटले तर त्यास किती उंबरठे ओलांडावे लागतात, याची प्रचीती आम्हांस त्या निमित्ताने आली. त्या उंबरठ्यांसही इतिहास आहे.

मराठेशाहीपासून आरंभ करू. त्या काळच्या दिवाणी तंट्यांचे कागद आपणांकडे विपुल आहेत. वतनाचा वाद गोतापुढे गेला की वादी-प्रतिवाद्यांच्या तकरीरा होत, जामीनकतबे घेतले जात, महजर होई, निवाडपत्र मिळे. जिंकणारा सरकारात हरकी भरी, हरणारा गुन्हेगारी भरी, आणि निवाड्याचा कागद पाटलाच्या किंवा कुळकर्ण्याच्या पेटीत पिढ्यान्पिढ्या जपला जाई. कारण त्या कागदावर त्याची जमीन आणि मानपान अवलंबून असे. फौजदारी बाबतीत हे घडत नसे. चोरीबद्दल हात तोडला गेला, किंवा शिंदळकीबद्दल दंड झाला, त्याचा कागद जपून ठेवण्यात कोणाचे हित? शिक्षा भोगणारा तो विसरू पाही, आणि सरकारास दंड वसूल झाला म्हणजे पुरे. म्हणून पेशवाईतील गुन्ह्यांचा शोध घ्यावयाचा तर न्यायाच्या दप्तरापेक्षा जमाखर्च वाचावा लागतो. गुन्हेगारीची रक्कम ज्या ओळीत जमा धरली, त्याच ओळीत ती कशाबद्दल घेतली हे कारकुनाने चार शब्दांत लिहून ठेवलेले असते. फिर्याद काय होती, साक्षी कोणाच्या झाल्या, आरोपी काय म्हणाला, यांतले बहुधा काही नाही. फक्त रक्कम आणि कारण. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत. गणेश चिमणाजी वाड यांनी रोजनिशीतून निवडलेले उतारे आणि १९३० ते १९३४ या काळात सरदेसायांनी छापलेले पेशवे दप्तराचे ४५ भाग चाळले असता या ओळी मधूनमधून भेटतात. पण त्या शोधावयास जो मोडी शिकेल व धीर धरील त्यासच भेटावयाच्या.

अटकेची नोंद नसली, किंवा असूनही बाहेर कोणास दिसत नसली, म्हणजे काय होते याचे भयंकर उदाहरण पुण्यात १७९१ साली घडले. शहर कोतवाल घाशीराम सावळदास याच्या शिपायांनी काही तेलंग ब्राह्मणांस पकडून एका कोंदट जागेत कोंडले, आणि त्यांतले अनेकजण गुदमरून मेले. आत माणसे आहेत हे प्रथम मानाजी फाकड्यास आरडाओरड ऐकून कळले आणि त्याने कुलूप तोडविले, असे सांगतात. पुढे लोक खवळून नाना फडणिसांच्या वाड्यावर गेले आणि अखेर घाशीरामास दगडांनी ठेचून मारण्यात आले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. घाशीरामाच्या जुलमाविषयी नाटककारांनी पुष्कळ लिहिले; आमचे लक्ष त्या कुलुपाकडे जाते. आत कोण आहे, किती आहेत, कशाबद्दल आणले, हे शहरातील माणसास कळावयाची वाट नव्हती, म्हणून ते रस्त्यावरून जाणाऱ्याच्या कानावर अवलंबून राहिले.

इंग्रजी अमलात कागद वाढले. १८२७ साली एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत मुंबई इलाख्याचे कायदे एकत्र होऊन जाहीर झाले. १८६० चा दंडसंग्रह १८६२ च्या आरंभापासून लागू झाला. त्याच वर्षी मुंबईचे हायकोर्ट उघडले. आणि फौजदारी कामाची पद्धत लावून देणारे कायदे १८६१, १८७२, १८८२, १८९८ असे एकामागून एक आले. या सर्वांचा आमच्या विषयापुरता परिणाम असा, की जे पूर्वी एका ओळीत होते त्याचे तीन ठिकाणी तीन कागद झाले. फिर्याद, स्टेशन डायरी, पंचनामा आणि तपासाची रोजनिशी पोलिसांकडे. दोषारोप, साक्षी आणि निकाल न्यायाधीशाकडे. आणि शिक्षा भोगल्याची नोंद तुरुंगाकडे. ही विभागणी राज्यकारभाराच्या दृष्टीने योग्य असेल, परंतु तिच्यामुळे शोधणारा नेहमी फसतो. तो ज्या कचेरीत प्रथम जातो तेथला कागद पाहून परत येतो. पोलिसांकडे गेला तर त्यास आरोप मिळतो, आणि आरोप हाच निकाल अशी त्याची समजूत होते. तुरुंगात गेला तर शिक्षा मिळते, पण अपिलात ती रद्द झाली असेल तर ते त्यास कळत नाही.

छापील साधनांची मदत मर्यादित आहे. इंडियन लॉ रिपोर्टांची मुंबई मालिका १८७६ पासून आणि बॉम्बे लॉ रिपोर्टर १८९९ पासून निघू लागला खरा, पण त्यांत कायद्याचा मुद्दा निघाला तेवढेच खटले; मामलेदाराच्या कचेरीतील गवतचोराला तेथे जागा नाही. मोठ्या माणसांची गोष्ट निराळी. लोकमान्य टिळकांचा १९०८ सालचा खटला १३ जुलै ते २२ जुलै असा चालला. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सांगितली, आणि त्या खटल्याचा साद्यंत वृत्तांत नरसिंह चिंतामण केळकर यांनी ग्रंथरूपाने छापला. १९५६ साली त्याच कोर्टाच्या भिंतीवर टिळकांच्या उद्गारांची शिला बसविण्यात आली. त्या खटल्याविषयी ज्यास जाणावयाचे आहे त्यास कोणत्याही कारकुनाची मनधरणी करावी लागत नाही.

कधी कधी सरकारच्या कपाटाने अशी वस्तू राखली आहे, की जी घरच्यांस राखता आली नसती. वासुदेव बळवंत फडके १८७९ च्या जुलैत पकडले गेले, तेव्हा त्यांनी लिहिलेले आत्मवृत्त आणि रोजनिशी पोलिसांच्या हाती पडली. ती त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुण्याच्या सेशन कोर्टात दाखल झाली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले होते. फडके एडनला गेले, १८८३ साली तेथेच वारले. त्यांचे ते लेखन सरकारी दप्तरात इंग्रजी भाषांतराच्या रूपाने राहिले, आणि स्वातंत्र्य मिळाल्यावर १९५७ साली मुंबई सरकारने स्वातंत्र्य चळवळीच्या इतिहासाची साधने म्हणून जो पहिला खंड छापला, त्यात ते सर्वांस वाचावयास मिळाले. ज्या कागदाने माणसास जन्मठेप दिली त्याच कागदाने त्याचे मनोगत पुढच्या पिढीस पोचविले.

पण दप्तराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या मध्यमवर्गाच्या नजरेआड राहते. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, आणि १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही पसरला. या कायद्याखाली जे रजिस्टर ठेवीत, त्यात नाव चढण्यास गुन्हा करावा लागत नसे. विशिष्ट जमातीत जन्म झाला म्हणजे पुरे. बोटांचे ठसे घ्यावयाचे, ठरल्या वेळी हजेरी घ्यावयाची, परवान्यावाचून गाव सोडू द्यावयाचे नाही. सोलापुरास तर तारेच्या कुंपणाआड वसाहतच होती. आरोप, पुरावा आणि निकाल ही न्यायाची जी तीन पावले, त्यांतले एकही येथे नाही, आणि तरीही कागद मात्र अस्सल सरकारी, शिक्क्यासह. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. तो दिवस त्या जमाती विमुक्त दिन म्हणून पाळतात. कायदा गेला तरी वहीची सवय लवकर जात नाही. तुरुंगाच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकावा, असा हुकूम सर्वोच्च न्यायालयास ३ ऑक्टोबर २०२४ रोजी द्यावा लागला. आमच्या घरी 'सहा महिने' हे शब्द अभिमानाने उच्चारले जातात, त्याच काळात शेजारच्या पालावरील माणूस तशाच वहीतील आपले नाव पुसले जावे म्हणून धडपडत होता, हे आम्ही ही हकीकत लिहावयास बसेपर्यंत कधी मनात आणले नव्हते.

आता आजची स्थिती. घाशीरामाच्या कुलुपास उत्तर मिळावयास दोनशे वर्षे लागली. डी. के. बसू यांच्या प्रकरणात १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अटकेचा मेमो करावा, त्यावर साक्षीदाराची सही घ्यावी, नातलगास कळवावे, आणि अटकेची वार्ता बारा तासांच्या आत नियंत्रण कक्षास देऊन तेथील फलकावर लावावी. पुढे हे कायद्यात आले, आणि १ जुलै २०२४ पासून चालू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ३७ व्या कलमाने प्रत्येक जिल्ह्यात व प्रत्येक ठाण्यात एका अधिकाऱ्याने अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप लिहून ते ठळकपणे प्रदर्शित करावे असे बंधन घातले आहे. ज्याचा माणूस रात्री उचलून नेला त्याने प्रथम हा फलक पाहावा, आणि नाव नसेल तर ते का नाही हे लेखी विचारावे. प्रथम खबरीविषयी २०१६ साली असा निर्णय झाला, की ती चोवीस तासांत, आणि अडचण असल्यास फार तर बहात्तर तासांत, पोलिसांच्या संकेतस्थळावर चढवावी. लैंगिक अत्याचार, दहशतवाद, बालकांवरील अत्याचार अशा नाजूक गुन्ह्यांच्या खबरी मात्र वगळाव्या. म्हणून आज महाराष्ट्रातील कोणत्याही ठाण्यातील बहुतेक खबरी घरबसल्या वाचता येतात.

येथेच वाचकांनी सावध व्हावे. प्रथम खबर हा फिर्यादी काय म्हणतो याचा कागद आहे; खरे काय घडले याचा नव्हे. मुलीचे स्थळ पाहताना, घर भाड्याने देताना, नोकर ठेवताना लोक हल्ली हा कागद उघडून पाहतात, आणि नाव दिसले की पुढचे काही न पाहता निर्णय करतात. त्यापुढचा कागद न्यायालयात असतो, आणि तोही आता दूर राहिलेला नाही. ई-कोर्टाच्या संकेतस्थळावर जिल्हा निवडून पक्षकाराचे नाव, खटल्याचा क्रमांक, किंवा ठाणे व खबरीचा क्रमांक यांवरून खटला सापडतो. प्रत्येक खटल्यास सोळा अक्षरांचा एक सीएनआर क्रमांक असतो, तो एकदा हाती आला की तारखा आणि पुष्कळदा निकालही समोर येतो. नावावरून शोधताना एका नावाची दहा माणसे निघतात, म्हणून वडिलांचे नाव व गाव ताडून पाहिल्यावाचून कोणावर बोट ठेवू नये. निकालाची सही-शिक्क्याची नक्कल पाहिजे असेल तर ज्या कोर्टाने निकाल दिला तेथील नकला विभागात अर्ज करून फी भरावी. ज्यास कैदेची शिक्षा झाली त्यास निकालाची प्रत फुकट मिळते, इतरांस नियमांप्रमाणे पैसे पडतात. तपासाची रोजनिशी मात्र मागू नये; ती पाहण्याचा अधिकार न्यायालयास आहे, खुद्द आरोपीसही सरसहा नाही. अल्पवयीन मुलांची आणि अत्याचार झालेल्या स्त्रियांची ओळख कायद्यानेच झाकलेली आहे, आणि ती उघडू पाहणारा स्वतःच गुन्हेगार ठरतो. ज्यांनी आपले दप्तर आपण होऊन लोकांपुढे मांडलेच पाहिजे असा एकच वर्ग आहे, तो निवडणुकीच्या उमेदवारांचा: २००२ च्या निर्णयानंतर त्यांस आपल्यावरील खटल्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आणि ते कोणासही पाहता येते. ही सोय आपल्यापैकी कितीजण मतदानापूर्वी वापरतात, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे.

जुन्या कागदांकडे वळतो. आम्ही प्रथम तालुक्याच्या न्यायालयात गेलो, आणि १९३० चे काहीही येथे नाही असे तुटक उत्तर घेऊन परतलो. ते उत्तर खोटे नव्हते. आमचा प्रश्नच चुकीच्या दारी विचारलेला होता. इंग्रजी अमदानीत मामलेदार हाच मॅजिस्ट्रेट असे. गवत कापल्याचा खटला त्याच्यापुढेच चालावयाचा, आणि त्याचे कागद महसुली दप्तरात जावयाचे. मुंबई राज्यात न्याय आणि अंमलबजावणी यांची फारकत १९५१ च्या कायद्याने झाली. त्यापूर्वीच्या फौजदारी कागदांसाठी म्हणून कोर्टाबरोबर कलेक्टर कचेरीच्या अभिलेख कक्षाचेही दार ठोठवावे लागते. वाचकांपैकी ज्यांचे गाव संस्थानात होते त्यांस आणखी निराळा रस्ता आहे: कोल्हापूरचे कागद तेथील पुराभिलेखागारात, मराठवाड्याचे पुष्कळसे उर्दूत, कारण निजामाच्या कचेऱ्यांची भाषा ती, वऱ्हाड-नागपूरसाठी नागपूरचे दप्तर, आणि गोव्याचे १९६१ पर्यंतचे कागद पोर्तुगीज भाषेत. मुंबई इलाख्याच्या न्याय व गृहखात्यांचा पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारात आहे. तेथे खटल्याचे कागद सापडतीलच असे नाही, पण कलेक्टरने त्या खटल्याविषयी वर काय लिहिले ते सापडते. दर्शनिका विभागाने छापलेले स्वातंत्र्यसैनिकांचे चरित्रकोशही पाहावेत, मात्र त्यांत पुष्कळ माहिती त्या त्या माणसाने किंवा त्याच्या घरच्यांनी सांगितलेली असते, हे ध्यानात ठेवून. आणखी एक गोष्ट कोणी आम्हांस आधी सांगितली असती तर आमच्या तीन खेपा वाचल्या असत्या. खटल्याचे कागद मुदतीनंतर नष्ट केले जातात, परंतु ज्या वहीत खटल्यांची क्रमवार नोंद होते ती वही पुष्कळदा मागे उरते. म्हणून 'खटल्याचे कागद' न मागता 'फौजदारी खटल्यांचे रजिस्टर' मागावे.

ती वही आम्हांस चौथ्या खेपेस एका वृद्ध कारकुनाने काढून दिली. निवृत्तीस दोन महिने उरलेला हा गृहस्थ दुपारचा डबा बाजूस सारून शिडीवर चढला, हे आम्ही विसरणार नाही. कडा कुरतडलेल्या, मथळे इंग्रजीत आणि नोंदी मराठीत. आजोबांचे नाव सापडले. आडनाव एका अक्षराने चुकलेले, पण वडिलांचे नाव व गाव बरोबर. अटकेची तारीख होती, कलम १९२७ च्या वन कायद्यातले होते. त्या कलमाखाली जास्तीत जास्त शिक्षा सहा महिन्यांची. शेवटच्या रकान्यात लिहिले होते: फॉरेस्ट गार्डास ओळख पटत नाही, सोडले. अटकेपासून सुटकेपर्यंतचे दिवस आम्ही बोटांवर मोजले. एकोणीस भरले.

निवृत्तिवेतनाच्या योजनेत पुरुषांस निदान सहा महिने कारावासाची अट होती. दप्तर मिळत नसेल तर बरोबरच्या बंदिवानांचे दाखले चालत. आणि आजोबांचे दोन सोबती, जे पुढे खरोखर शिक्षा भोगून आले, ते असा दाखला देण्यास आनंदाने तयार होते, हे आत्याबाईच आम्हांस पूर्वी सांगत असत.

नक्कल घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो. कसे सांगावे या विवंचनेत वाटेत दोनदा थांबलो. त्यांनी चष्मा लावून कागद सावकाश वाचला, एकोणीस हा आकडा आम्हांस पुन्हा मोजावयास लावला, आणि बराच वेळ गप्प राहून म्हणाल्या, "म्हणजे अण्णांनी तो फॉर्म भरला नाही तो यासाठी." मग त्यांनी विचारले, "तुझ्या वहीत काय लिहिणार?" आम्ही सांगितले, एकोणीस दिवस कच्ची कैद, पुराव्याअभावी सुटका. त्या म्हणाल्या, "तसेच लिही. आणि फॉर्मची गोष्टही लिही."